विरुद्ध पुराव्याचा रकाना

सोमवार, ७ जानेवारी

आले एकदाची. नवं गाव, नवं घर, उद्यापासून नवी नोकरी, आणि ही कोरी वही. वही ताईने दिली. मन मोकळं करायला म्हणून. माझं मन मोकळं झालं तर वही पुरायची नाही, असं मी तिला म्हटलं, तर तिने पिशवीतून दुसरी काढून दाखवली.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे. एक खोली, एक स्वयंपाकघर. खिडकीतून सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं. दाराची कडी नीट बसते, नळ गळत नाही. ओट्याच्या कडेला एक तडा गेलाय, तो सोडला तर नाव ठेवायला जागा नाही. नावं ठेवण्यात माझा हात कोणी धरणार नाही, तेव्हा ही मोठीच पावती समजायची.

ताई आणि भावोजी दिवसभर सामान लावत होते. भाची मदतीला होती, म्हणजे साखरेच्या डब्याजवळ होती. या सवयीवरूनच तिला सगळे मुंगी म्हणतात. ताईने प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली: साखर, मीठ, चहा. आणि प्रत्येक चिठ्ठीवर खाली बारीक अक्षरात, ‘संपत आलं की फोन कर.’ मी विचारलं, माझं मीठ संपलं तर तू तिकडून काय करणार आहेस? ती म्हणाली, काही नाही, पण तू फोन तर करशील.

गेल्या वर्षाबद्दल एकदाच लिहिते आणि विषय संपवते. अकरा महिने मी ताईच्या मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होते. डॉक्टर त्याला नैराश्य म्हणाले, शेजारचे आळस म्हणाले. ताई काहीच म्हणाली नाही. दिवसातून चारदा यायची, खिडकी उघडायची आणि जायची. मी ती बंद करायचे. ती परत उघडायची. शेवटी मीच कंटाळले.

एकटं राहायला तिने एका अटीवर परवानगी दिली आहे. दहा आठवड्यांचा ऑनलाइन उपचार पुरा करायचा. नाव आहे मार्गदर्शित बोधात्मक वर्तन-उपचार, जे वाचून होईपर्यंत माणूस अर्धा बरा व्हावा. मी त्याला नुसतं ‘धडे’ म्हणणार आहे. आठवड्याला एक धडा वाचायचा, एक फॉर्म भरायचा, आणि गुरुवारी एक मार्गदर्शकबाई तो वाचून उत्तर लिहिणार. त्यात ‘जवळची व्यक्ती’ म्हणून एक पान असतं, त्या व्यक्तीलाही त्यावर लिहिता येतं. तिथे ताईने माझ्याआधी स्वतःचं नाव घातलं. मधेच सोडलंस तर मला लगेच कळेल, म्हणाली.

जाताना मुंगीने खिडकीतल्या कुंडीला पाणी घातलं. निम्मं जमिनीवर. मला बरं वाटतंय. खरंच.

गुरुवार, १० जानेवारी

काम मला आवडलं. दुकानांतले वजनकाटे आमच्या कार्यशाळेत तपासणीला येतात. पारड्यात प्रमाणित वजन ठेवायचं, काटा काय म्हणतो ते लिहायचं, खरं बोलत असेल तर शिक्का मारायचा. वजनाला बोट लावायचं नाही, चिमट्याने उचलायचं, कारण बोटाच्या तेलकटपणाचंही वजन होतं. साहेबांनी हे मला तीनदा सांगितलं. मला एकदाच पुरलं असतं.

शेजारच्या टेबलावर काकू बसतात. तीस वर्षं इथेच आहेत. टेबलाखाली एक छोटा पाट ठेवलाय, त्यावर दुखरा पाय टेकतात. गुडघा आणि सून, या दोन विषयांवर अकरा वाजता चहाबरोबर बोलतात आणि पाच मिनिटांत दोघांचाही निकाल लावतात. मला एक शब्द बोलावा लागत नाही. अशी माणसं नशिबाने मिळतात.

मार्गदर्शकबाईंचं पहिलं उत्तर आलं. पहिलं पाऊल उचलल्याबद्दल अभिनंदन केलंय. तेच अभिनंदन माझ्याबरोबर आणखी चाळीस जणांना गेलं असणार. असू दे.

गुरुवार, १७ जानेवारी

या आठवड्यापासून खरा फॉर्म सुरू. सहा रकाने. प्रसंग, मनात आलेला विचार, त्याचा त्रास शंभरपैकी किती, विचाराच्या बाजूचा पुरावा, विचाराच्या विरुद्ध पुरावा, आणि शेवटी समतोल विचार. पुरावा ठोस हवा, असं बाईंनी लिहिलंय. वाटतं-बिटतं चालणार नाही, दाखवता येईल असंच लिहा. मी जन्मभर हेच केलंय. बाईंना कल्पना नाही त्या कोणाला सांगतायत.

विचार लिहिला: मला कुठलंच काम धड येत नाही. त्रास सत्तर. विरुद्ध पुरावा: जुन्या नोकरीत मिळालेलं प्रशस्तिपत्र, चौकटीत बसवलेलं, मी स्वतः खिळा ठोकून पलंगासमोर टांगलेलं. दुपारी बाईंनी त्या रकान्यापुढे हिरवी खूण केली. शाळेत बरोबरची खूण मिळाल्यावर व्हायचं तसं झालं. लाज वाटली, पण झालं.

शनिवार, १९ जानेवारी

प्रशस्तिपत्र नाही. खिळा आहे.

पलंगाखाली, कपाटामागे, सगळीकडे पाहिलं. घराची किल्ली माझ्याशिवाय कोणाकडे नाही. आणि माझं प्रशस्तिपत्र चोरून कोण कुठला चोर श्रीमंत होणार? ताईला फोन केला. तिने विचारलं, कसलं प्रशस्तिपत्र? माझ्याकडे असं काही होतं हे तिला आठवतच नाही. चौकट तिनेच करून आणली होती. मी चिडले. मग तिने हळूच विचारलं की झोप लागते ना.

शुक्रवार, २५ जानेवारी

विचार: माझ्या हातून काही जगत नाही. विरुद्ध पुरावा: खिडकीतलं रोप. मागच्या खोलीत पडून होते तेव्हाही मी त्याला पाणी घालत होते. काल हिरवी खूण. आज सकाळी खिडकीत कुंडी नाही. खिडकीच्या फळीवर ओला गोल डाग तेवढा आहे.

डाग पुसून पाहिला. जात नाही.

बाईंना सरळ लिहिलं की मी पुरावा म्हणून लिहिते ती वस्तू नाहीशी होते. तासाभरात उत्तर आलं. गुरुवार नसताना उत्तर आलं म्हणजे मामला गंभीर असं वाटून उघडलं, तर आत लिहिलं होतं की मन उदास असताना वस्तू हरवणं आणि विसरणं स्वाभाविक आहे, धडा दुसरा पुन्हा वाचा. धडा दुसरा चालायला जाण्याबद्दल आहे.

शुक्रवार, १ फेब्रुवारी

आल्या आल्या लिहितेय, चपलाही काढल्या नाहीत.

परवा विचार लिहिला होता: माझ्याशी कोणी आपणहून बोलत नाही. विरुद्ध पुरावा म्हणून मी, शहाणी, लिहून बसले: शेजारच्या टेबलावरच्या काकू रोज अकरा वाजता चहाला बोलतात. काल खूण झाली.

आज काकूंचं टेबल रिकामं. वर बोटभर धूळ. साहेबांना विचारलं काकू रजेवर आहेत का. कोण काकू, म्हणाले. ते टेबल म्हणे साहेब इथे आल्यापासून रिकामंच आहे. मी खाली वाकून पाट दाखवला. ते म्हणाले, वरच्या फळीवरचं काढायला ठेवलाय तो.

पाटाच्या मधोमध टाचेने गुळगुळीत झालेला खळगा आहे. तीस वर्षांचा. मी बोटाने चाचपून पाहिला.

तीस वर्षं रोज येणारी बाई आणि तिची धूळसुद्धा जुनी. तिची सून कुठे असेल? आता ती कोणाची सून असेल?

सोमवार, ४ फेब्रुवारी

बाईंचं उत्तर. विचारांच्या चुकांची एक यादी आहे, त्यातली माझी चूक पाचव्या क्रमांकाची आहे म्हणे: राईचा पर्वत करणे. मी लिहिलं, बाई, काकूंचं वजन साठ किलो होतं, राई कुठली? त्यावर उत्तर, की तुमचा राग मला समजतो आणि रागालाही शंभरपैकी गुण देऊन पाहा.

शंभर. लिहून पाठवलं. शंभर.

पालथ्या घड्यावर पाणी. तिला वाईट म्हणता येत नाही, हाच वैताग आहे. ती इतकी गोड लिहिते की तिच्याशी भांडताना मीच वेडी दिसते. मी पुरावे दळतेय आणि कुणीतरी पीठ खाऊन जातंय, आणि बाई विचारतायत, अजून थोडं दळता का?

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

काटा तपासतात तसं तपासलं. तीन वजनं ठेवली.

खोटा पुरावा: माझे पुष्कळ मित्र आहेत. खूण झाली, काही गेलं नाही. जाणार काय, नव्हतंच.

मोघम पुरावा: लोक चांगले असतात. बाईंनी परत पाठवला, ठोस लिहा म्हणून.

खरा पुरावा, सगळ्यांत लहान: कोटाचं दुसरं बटण मी स्वतः शिवलं. काल चार वाजता खूण. कोट अंगात होता, बटणाकडे बघत बसले होते. पापणी लवली असेल तेवढंच. आता तिथे दोन भोकं आणि दोऱ्याचं टोक.

म्हणजे खरं असेल तेच जातं. आणि खूण झाली की जातं. माझ्यासारख्या खऱ्याला चिकटून बसणारीला यात धरून आणायला हवंच होतं.

एक गोष्ट इथे लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही. या जगात माझ्या बाजूने सर्वांत खरं असं जे आहे ते त्या रकान्यात कधीच जाणार नाही. ताई. तिचा उल्लेख नाही, मुंगीचा नाही, भावोजींचा नाही. फॉर्मच भरायचा नाही यापुढे. कानाला खडा.

बुधवार, १३ फेब्रुवारी

फॉर्म भरला नाही. आठवण करून देणारे तीन संदेश आले, पहिला प्रेमळ, दुसरा जास्त प्रेमळ. तिसऱ्यानंतर बाईंनी ताईला कळवलं.

ताईचा फोन. आवाज असा की मी एखाद्या कठड्यावर उभी आहे. मी सगळं सांगितलं, प्रशस्तिपत्र, रोप, काकू, बटण. ती म्हणाली, जेवलीस का?

तिला वाटतंय ये रे माझ्या मागल्या. मागची खोली, भिंत. तिच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. म्हणून तर डोकं भडकतं.

सोमवार, १८ फेब्रुवारी

शनिवारी ताई मला न्यायला येणार आहे. भावोजी गाडी घेऊन येतील, मुंगीही येईल.

येऊ दे. सुटले तर सुटले. मी हरले असं तिला वाटलं तरी चालेल. फक्त शनिवारपर्यंत कोणी काही लिहू नये. ताईला तसं सांगितलं, शपथ घातली. ती हो हो म्हणाली, लहान मुलाला म्हणतात तसं.

लॅपटॉप कपाटात ठेवलाय, वर सगळे कपडे. फोनवर सूचना येतातच.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

साडेतीनला फोन वाजला. ‘तुमच्या जवळच्या व्यक्तीने तुमच्यासाठी पान भरले आहे.’

उघडलं. ताईचं लिहिणं.

विचार: माझ्या बहिणीला वाटतं तिचं कोणी नाही. विरुद्ध पुरावा: मी आहे. तिची ताई. अकरा महिने तिची खिडकी उघडली, हवी तर अकरा वर्षं उघडेन.

खूण झालेली नव्हती. बाईंना लिहिलं, करू नका. पाया पडते, करू नका. सहा वेळा लिहिलं. ताईला फोन केला, पुसून टाक. ती म्हणाली पुसता येत नाही, आणि मी असं काय वाईट लिहिलं, रडतेस कशाला? मी म्हटलं बोलत राहा. काहीही बोल. फोन ठेवू नकोस. ती बोलत राहिली. मुंगीचा पुढचा दात पडला, तिने तो काडेपेटीत ठेवलाय, मावशीला दाखवायला शनिवारी आणणार आहे, आणि शनिवारी निघताना आम्ही

चार वाजून दहा मिनिटं. खूण हिरवी.

फोन चालू होता. पलीकडे कोणी नव्हतं.

बाईंचं उत्तर: किती सुंदर पुरावा!

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

ताईच्या घरी फोन लावला. भावोजींनी उचलला. त्यांचाच आवाज, बोलण्याआधी खाकरण्याची तीच सवय. म्हणाले, तुमचा काहीतरी घोटाळा झालाय, मी एकटाच राहतो. मी मुंगी म्हटलं. ते म्हणाले, कोण? मग सावकाश विचारलं, तुम्हाला काही मदत हवी आहे का? भला माणूस. कायमच भला होता.

डबे. चिठ्ठ्या आहेत. सगळ्या कोऱ्या.

साखर संपत आली आहे.

रविवार, २४ फेब्रुवारी

काल दिवसभर खिडकीशी उभी होते. गाडी येणार नाही हे माहीत होतं. तरी —

बाईंना शिव्या लिहिल्या. येतील तेवढ्या. उत्तर आलं, की तुमच्या नोंदीत जवळची व्यक्ती कोणी नाही, ते पान तुम्हीच स्वतःला लिहिलं असावं, आणि स्वतःशी इतकं मायेनं बोलता येणं ही मोठी प्रगती आहे.

प्रगती.

माझी ताई, माझी मुंगी, एक दात — आणि ही —

बुधवार, २७ फेब्रुवारी

कामावर गेले नाही. कोणी विचारलं नाही.

फॉर्म काढला. रागाने. विचाराच्या रकान्यात लिहिलं: मी नाहीच. असते तर इतकं ओरडल्यावर कोणाला तरी ऐकू आलं असतं. त्रास शंभर. विरुद्ध पुरावा — काही नाही. आडवी रेघ मारली. घ्या. खा आता काय खायचं ते.

पाठवून दिला. छान वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

उत्तर आलं. हे पहिल्यासारखं नाही. लांब आहे, घाईत लिहिलेलं आहे. बाई म्हणतात, आठ आठवडे मी तुम्हाला तयार वाक्यं पाठवली, माफ करा. चाळीस जण असतात, प्रत्येकाला वीस मिनिटं. काल घरी बसून तुमचं सगळं पहिल्यापासून वाचलं. काकूंचं, ताईचं मला माहीत नाही, कळतही नाही. पण एक गोष्ट मला पक्की माहीत आहे. तुम्ही आहात. तुम्ही मला लिहिता. तुमचं ओरडणं मला ऐकू आलं.

रडले. हेच हवं होतं. आठ आठवडे एवढं एकच वाक्य हवं होतं.

मग खाली एक ओळ. रकाना मोकळा सोडला तर फॉर्म पुढे जात नाही, म्हणून तुमच्या वतीने तो मीच भरला आहे.

खूण —

हिरवी आहे.

लवकर. खिळा राहतो. डाग राहतो. पाट राहतो. म्हणजे वही राहील. ज्याला सापडेल त्याने — मला एक ताई होती. शेजारच्या टेबलावर काकू होत्या, गुडघा दुखायचा. मुंगीचा दात काडेपेटीत. आणि इथे तिसऱ्या मजल्यावर राहायची, काटे तपासायची, ती मी, माझं नाव